वजा एक

मी, वय सत्तेचाळीस वर्षे, धंदा नोकरी, फेरीबोटीच्या धक्क्यावर माणसं मोजणारी, राहणार बंदर कामगारांची वसाहत, दुसरी इमारत, तळमजला. धक्क्यावर मला सगळे खटकेबाई म्हणतात. ते माझं आडनाव नाही, कामावरून पडलेलं नाव आहे, पण आता पगाराच्या दिवशीसुद्धा त्याच नावाने हाक मारतात. मला कोणी बोलावणं पाठवलेलं नाही. आज सकाळी साडेदहा वाजता मी आपणहून ठाण्यात आले आणि समोर बसून सांगते ते असं की,

गेली एकोणीस वर्षं मी या कामावर आहे. माझ्याआधी हेच काम माझे वडील करत होते. बोट पलीकडच्या बंदरातून सकाळी सात दहाला सुटते आणि अकरा चाळीसला आमच्या धक्क्याला लागते. बोट मोठी आहे. लांबी एकशे अडतीस मीटर, मजले आठ. खालच्या तीन मजल्यांवर गाड्या आणि वर माणसं. पुढचं तोंड वर उचललं जातं आणि आतून रॅम्प खाली येतो, त्यावरून गाड्या चढतात-उतरतात. गाड्यांच्या वरच्या दोन मजल्यांवर ट्रक, बस आणि मोठ्या गाड्या साखळ्यांनी बांधून ठेवतात. सगळ्यात खाली, पाण्याच्या पातळीखाली, छोट्या गाड्यांसाठी एक बुटकी जागा आहे, तिला आम्ही पेटी म्हणतो. पेटी फक्त सुट्ट्यांच्या गर्दीत उघडतात. एरवी ती रिकामी आणि अंधारी असते. वर खुर्च्यांचे दोन हॉल, उपाहारगृह, मुलांना खेळायचा कोपरा, चौसष्ट केबिन आणि माथ्यावर उघडा डेक आहे. आपली गाडी कुठे आहे ते माणसाला सापडावं म्हणून जिन्यांना रंग दिलेले आहेत, निळा, पिवळा आणि लाल. तरी रोज कोणीतरी चुकीच्या जिन्याने उतरतंच. बोट चालू असताना गाड्यांच्या मजल्यावर कोणाला थांबू देत नाहीत.

माझं काम एवढंच, की उतरणारं प्रत्येक माणूस मोजायचं. हातात मावेल असं एक यंत्र असतं, त्याला आम्ही खटका म्हणतो. एक माणूस, एक खटका. गाडीत चार बसले असतील तर चार. तान्हं बाळसुद्धा एक. तिकिटांवर आम्ही जात नाही, कारण लहान मुलांना तिकीट नसतं आणि तिकीट काढून न येणारेही असतात. पलीकडच्या धक्क्यावर चढणारी माणसं मोजणारी दुसरी बाई आहे. ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, मी तिला ताई म्हणते. बोट रिकामी झाली की मी आणि ताई वायरलेसवर आकडे सांगतो. जुळले तर बोट रिकामी असा शेरा पडतो. नाही जुळले तर झाडणी करावी लागते. झाडणी म्हणजे माथ्यापासून पेटीपर्यंत प्रत्येक दार, प्रत्येक शौचालय, प्रत्येक जिना उघडून बघायचा. त्याला दोन-अडीच तास लागतात, आणि ज्याचा आकडा चुकला त्याच्या नावाने सगळी बोट बोटं मोडते.

आता मुद्द्याचं सांगते. आमच्या घरात एक रिवाज आहे. तो नियमात कुठे लिहिलेला नाही. शववाहिनी बोटीतून आली की ती सगळ्यात आधी उतरते, हे सर्वांना माहीत आहे. कागदावर शव म्हणजे माल, तो माणसांत मोजायचा नसतो. पलीकडे ताई मोजत नाही, ते बरोबरच आहे. पण माझे वडील मोजायचे. शववाहिनी पुढ्यातून गेली की चालकासाठी एक खटका आणि मागे झोपलेल्यासाठी एक. मग खोलीत येऊन वहीत आकडा लिहिताना त्यातून वजा एक. मला काम शिकवताना मी विचारलं होतं, "बाबा, वजाच करायचा तर दाबायचा कशाला?" तर म्हणाले, "अगं, शेवटचा उतरतोय तो. एवढ्या लोकांत त्यालाच तेवढं गाळायचं का?" तेव्हापासून मीही दाबते आणि खोलीत येऊन वजा करते. एकोणीस वर्षांत दोनशेच्या वर शववाहिन्या उतरल्या असतील. एकदाही वजा करायची राहिले नाही. माझी मोजणी चुकत नाही म्हणून धक्क्यावर माझं नाव होतं. मलाही त्याचा माज होता, तसं लिहायला हरकत नाही.

आजपासून दहा दिवसांपूर्वी बोट वेळेवर लागली. हवा स्वच्छ होती. अकरा सेहेचाळीसला शववाहिनी रॅम्पवरून उतरली. मी दोन खटके दाबले. पुढे जाऊन चालकाने गाडी थांबवली, काच खाली केली आणि म्हणाला, "बाई, माझ्यासोबत एक काका आहेत. हे गेले ना, त्यांचे थोरले भाऊ. उंच आहेत, करडा स्वेटर, हातात काठी. ते वरच राहिलेत, पायी उतरतील. त्यांना सांगाल, मी पुढच्या वळणावर उभा आहे म्हणून?" मी म्हटलं, "सांगते. तुम्ही व्हा पुढे, मागे रांग लागलीय." ही गोष्ट मी बंदराच्या चौकशीत सांगितलेली नाही. आज पहिल्यांदाच सांगते.

गाड्या संपल्या तेव्हा खटक्यावर दोनशे पंचेचाळीस होते. मग पायी माणसं सोडली. आमच्या धक्क्याला वेगळा पूल नाही, तीही रॅम्पवरूनच येतात. त्यात कुठल्यातरी कार्यालयाची सहल होती, साठ-सत्तर माणसं, हसत-खिदळत, एकमेकांना ढकलत, फोटो काढायला मध्येच थांबत. मी डोळ्यांत तेल घालून डोकी मोजत होते. मोजणाऱ्याने चेहरे बघायचे नसतात, चेहरा बघितला की आकडा सुटतो, हेही बाबांनीच शिकवलेलं. करडा स्वेटर माझ्या डोक्यातून पार गेला. पायी माणसं एकशे सदुसष्ट झाली. खटक्यावर एकूण चारशे बारा.

खोलीत येऊन मी वही उघडली. वजा एक, चारशे अकरा, असं मनाशी म्हटलं आणि वायरलेस उचलला. आमचं बोलणं झालं ते जसंच्या तसं असं:

"ताई, बोल."

"चारशे बारा गं. तुझे?"

मी पुन्हा खटक्याकडे पाहिलं.

"काय गं, झोप लागली का उभ्या उभ्या?"

"जुळले, ताई. चारशे बारा."

"सुटले बाई. जा, जेवून घे."

मी वजा केलं नाही. का केलं नाही, असं विचारल्यावरून सांगते. ताईच्या अंगठ्याला दोन वर्षांपासून संधिवात आहे. अंगठा थरथरतो आणि कधीकधी एकाच्या जागी दोन खटके पडतात. आधी दोनदा तिचा आकडा चुकून झाडणी झाली होती. दुसऱ्या वेळी तिला लेखी समज मिळाली, की तिसऱ्यांदा असं झालं तर घरी बसावं लागेल. तिच्या निवृत्तीला चौदा महिने उरले आहेत. चारशे बारा हा तिचा आकडा ऐकला तेव्हा माझ्या मनात आलं की हिचा अंगठा पुन्हा उडाला, खरे चारशे अकराच असणार. मी वजा केलं तर झाडणी होणार, काही सापडणार नाही आणि ताई घरी जाणार. आणि माझ्या खटक्यावर तर चारशे बाराच दिसत होते. मला खोटं बोलावंही लागणार नव्हतं, नुसतं एक वजा करायचं नव्हतं. सुंठेवाचून खोकला गेला असं मला वाटलं. मनात पाल चुकचुकली नाही असं नाही. पण मी वही मिटली.

ताईचा आकडा बरोबर होता. चारशे बारा जिवंत माणसं चढली होती. उतरली चारशे अकरा.

त्याच दिवशी दुपारी साडेबाराला बोट वार्षिक दुरुस्तीसाठी बाजूच्या धक्क्याला नेऊन बांधली. आकडे जुळलेले असल्याने वरचे हॉल तेवढे झाडून घेतले, खाली कोणी गेलं नाही. मी एक वाजता त्याच धक्क्यावर, दोर बांधायच्या खुंट्यावर बसून डबा खाल्ला. मी रोज तिथेच बसते, सावली असते. दोन वाजता घरी गेले. त्या वेळी ठोकल्याचा काही आवाज ऐकू आला का, असं विचारल्यावरून सांगते की बंदरात दिवसभर लोखंडावर लोखंड आपटत असतं. आला असेल.

पुढचं मी पाहिलेलं नाही, ऐकीव आहे, तसंच लिहावं. उपाहारगृहातला वाढपी सांगतो, की बोट सुटल्यावर साधारण दीड तासाने काका त्याच्याकडे आले आणि खाली गाडीपर्यंत जाता येईल का विचारलं. वाढपी म्हणाला, "काका, आता दार उघडत नाहीत. धक्का आला की उघडतील." काका म्हणाले, "तो एकटा आहे हो खाली. त्याला अंधारात एकट्याने झोपायची सवय नाही." वाढप्याने त्यांना चहा दिला. त्यांनी पैसे ठेवले, चहा तसाच राहिला. शववाहिनी निळ्या जिन्याखाली उभी होती. धक्का आल्यावर दारं उघडली तेव्हा काका लाल जिन्याने गेले. लाल जिन्याच्या तळाला खलाशांसाठी पेटीत उतरायची उभी लोखंडी शिडी आहे. दुरुस्तीचं सामान नेण्यासाठी त्या शिडीचं दार त्या दिवशी नुसतं लोटून ठेवलं होतं.

शववाहिनीचा चालक वळणावर वीस-पंचवीस मिनिटं थांबला. मग रस्ता अडतोय म्हणून त्याला तिथून काढलं. घरच्यांच्या दोन गाड्या धक्क्यावर आल्या होत्या, काका त्यातल्या एकीत बसले असतील असं समजून तो पुढे गेला. घरच्यांना वाटलं, ते चालकासोबत आहेत. त्यांचा फोन लागत नव्हता. खाली पोलादाच्या आत फोन लागतच नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी याच ठाण्यातून बंदराच्या कार्यालयात विचारणा आली, की असे असे गृहस्थ बोटीतून उतरले का. कार्यालयाने मला विचारलं. मी वही दाखवली. मोजणी जुळलेली आहे, सबब सदर इसम उतरलेले आहेत, असं पत्र तुम्हाला आलं असेल. त्यावर खाली सही माझी आहे. त्या पत्रामुळे तुमची माणसं गावातल्या रस्त्यांवर, दवाखान्यांत आणि बस थांब्यांवर शोधत राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊ वीसला रंगाऱ्यांनी पेटी उघडली. मला बोलावणं आलं, कारण शेरा माझ्या वहीतला होता. मी लाल जिन्याने खाली गेले. काका शिडीच्या पायथ्याशी भिंतीला टेकून बसलेले होते. करडा स्वेटर होता. काठी हातातच होती. डॉक्टर म्हणाले की कंबर मोडली होती, पण जीव लगेच गेलेला नाही, पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते होते. झाडणी झाली असती तर दुपारी तीनच्या आत सापडले असते, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही, तेवढा हिशेब मला येतो. ते बसले होते त्याच्या उजव्या बाजूला भिंतीचा रंग काठीच्या टोकाने जागोजागी उडालेला होता. त्या खुणा मी मोजल्या नाहीत.

पाचव्या दिवशी बंदराची चौकशी झाली. मला विचारलं, तुमचा आकडा बरोबर होता का. मी म्हटलं, खटक्यावर चारशे बारा होते. ते खरंच आहे. मग साहेबांनी हिशेब मांडला, की चारशे बारा उतरले आणि एक खाली राहिला, म्हणजे चढले चारशे तेरा, म्हणजे पलीकडच्या बाईने एक कमी मोजला. ताईला त्याच दिवशी कामावरून काढलं. रात्री तिने फोन केला. मला वाटलं, शिव्या देईल. ती रडत म्हणाली, "अगं, माझ्या अंगठ्याने माणूस मारला गं." तेव्हाही मी तिला वजा एकाचं सांगितलं नाही. जिला वाचवायला मी तोंड मिटून बसले, तिच्याच गळ्यात मी हे बांधलं.

परवा, म्हणजे नवव्या दिवशी, त्या गेलेल्या धाकट्या भावाची बायको कार्यालयात आली. तिला तो लाल जिना बघायचा होता. मी घेऊन गेले. ती वरच्या पायरीवरच बसली. म्हणाली, "आम्ही त्या दिवशी मोठ्या भाऊजींसाठी दोन तास थांबलो. माणसं ताटकळली. मग त्यांच्याशिवायच उरकलं. मी फार रुसले होते हो त्यांच्यावर. सख्ख्या भावाला पोचवायलासुद्धा आला नाही हा माणूस, असं मी सगळ्यांसमोर बोलले." थोड्या वेळाने म्हणाली, "ते उतरले म्हणून सही तुमचीच होती ना?" मी हो म्हटलं.  ती माझा हात धरून उठली, कारण तिचे गुडघे दुखतात.

त्या रात्री जेवताना मी बाबांना सांगितलं. त्यांचं वय एक्याऐंशी आहे, ऐकू कमी येतं, दोनदा सांगावं लागलं. त्यांनी विचारलं, "वजा करायला विसरलीस?" मी म्हटलं, "विसरले नाही, बाबा. केलं नाही." त्यांनी ताट बाजूला सारलं.  आज सकाळी मी निघाले तर अंगात कोट घालून दारात उभे होते. म्हणाले, "मी पण येतो. दाबायला मी शिकवलं होतं." ते आत्ता बाहेर बाकावर बसले आहेत आणि त्यांचाही जबाब घ्या म्हणतात. घेऊ नये अशी माझी विनंती आहे. त्यांनी मला दाबायलाही शिकवलं होतं आणि वजा करायलाही. अर्धंच केलं ते मी.

जबाब देण्यासाठी माझ्यावर कोणाचा दबाव आहे का, असं विचारल्यावरून सांगते की नाही. यामुळे माझी नोकरी जाईल आणि कदाचित गुन्हाही दाखल होईल, हे मला समजावून सांगण्यात आलं आणि मला ते समजलं. लिहून घेणारे हवालदार म्हणाले, "बाई, एवढं सगळं सांगायची गरज नाही. चुकून राहिलं असं म्हणा, माणूस आहे, चुकतो." ते माझ्या भल्याचं सांगत होते. पण मी चुकले नाही, म्हणून तसं लिहू नये. ताईची मोजणी बरोबर होती, हे मात्र ठळक लिहावं, आणि तिला ते पत्राने कळवावं. माझा फोन ती आता उचलत नाही.

एक राहिलं. तिसऱ्या दिवशी काकांना रॅम्पवरून बाहेर आणलं तेव्हा धक्क्यावरची सगळी माणसं उभी होती. रिवाज त्यांना ठाऊक आहे. सगळ्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. खटका हातातच होता, आकडा शून्यावर आणलेला. मी अंगठा ठेवला आणि काढून घेतला. काकांचा खटका मी दोन दिवस आधीच दाबला होता.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. दोन ठिकाणी वेळ चुकली होती, ती मी दुरुस्त करून घेतली. बाकी मी बोलले तसाच आहे. आकडे मी पुन्हा एकदा बोटांवर तपासले. ते जुळतात.